गुलामगिरीची काल्पनिक रोजनिशी: आधी विचारा, लिहिली कोणी?

अमेरिकेतली गुलामगिरी शिकवताना वर्गाला नुसतं ‘गुलामाची रोजनिशी लिहा’ सांगितलं, की चाळीस वह्यांत एकच गोष्ट येते. पहिल्या पानावर चाबूक, दुसऱ्यावर अश्रू, तिसऱ्यावर रात्री पळ काढून स्वातंत्र्य. गाव नाही, साल नाही, शेतात पीक कोणतं तेही नाही. म्हणून आधी एक जागा नक्की करा. जॉर्जियातल्या ऑल्टमहॉ नदीच्या मुखाजवळचं बटलर आयलंड यासाठी उत्तम. भाताची शेती असल्यामुळे आपल्या मुलांना निम्मं कळतं, आणि उरलेल्या निम्म्यात ती हमखास चुकतात. शिकवायला जागा तिथेच मिळते.

लिहिणारी कोण, हा दुसरा प्रश्न. गुलामांना लिहायवाचायला शिकवण्यावर जॉर्जियात १८२९च्या कायद्याने बंदी होती. दहा वर्षांची मुलगी मेणबत्तीच्या उजेडात रोज पान लिहिते, हे तिथे बसत नाही. पात्र असं घ्या: जन्म १८४९, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर १८६५नंतर मुक्त झालेल्यांच्या शाळेत अक्षरओळख, आणि मग आठवणींची वही. ‘मग ही रोजनिशी कसली?’ असं मुलं विचारतातच. विचारू द्या. आता तिला मळ्यावरच्या माणसांच्या विक्रीची ‘२ मार्च १८५९’ अशी तारीख आठवायची गरज नाही, ‘त्या दोन दिवसांत पाऊस थांबलाच नाही’ एवढं पुरतं.

पात्राचं कार्ड अर्ध्या पानाचं असावं. वय, घरात कोण, काम काय, कोणाशी बोलता येतं, स्वतःचं म्हणावं असं काय आहे. नाव सगळ्यात शेवटी. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तीत मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. गुलामाच्या नावाचा रकानाच नाही. तसा तक्ता फळ्यावर काढला की नाव शेवटी का, हे सांगत बसावं लागत नाही.

काम मात्र मापात लिहून घ्या. किनाऱ्यावरच्या भातशेतीत दिवसाचं काम नेमून दिलेलं असे, पूर्ण वाढीच्या माणसाला साधारण पाव एकर. एकराचे गुंठे ४०, म्हणजे दहा गुंठे. माणसं ‘पूर्ण हात’, ‘अर्धा हात’, ‘पाव हात’ अशी मोजत, आणि कामाला नुकती लागलेली मुलं पाव हातात. अडीच गुंठे कुदळीने भांगलायचे म्हणजे किती, ते शाळेच्या मैदानावर दोरी लावून दाखवा.

आता हमखास चूक. मुलं ‘पावसात लावणी केली’ असं लिहितात. तिथे लावणी नव्हती, बी थेट चरांत पेरत. पाणीही पावसाचं नव्हे. भरतीच्या वेळी समुद्र नदीचं गोडं पाणी मागे रेटतो. बांधातली लाकडी झडप उघडून ते पाणी खाचरात घेत आणि ओहोटीला सोडून देत. कोकणातल्या खारभूमीची उघाडी पाहिलेल्या मुलाला हे लगेच समजेल, फक्त आपल्याकडे धडपड खारं पाणी बाहेर ठेवण्याची.

साधनं दोनच द्या. मळ्याच्या मालकाची, पियर्स बटलरची, बायको फॅनी केंबल हिने १८३८-३९ साली तिथे रोजनिशी लिहिली. ती १८६३ साली छापली गेली. दुसरं साधन १८५९च्या विक्रीचं वार्तांकन. बटलर कर्जात बुडाला आणि सव्हॅनाच्या घोडदौडीच्या मैदानावर ४३६ माणसं विकायला काढली गेली. विक्रीपूर्वी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. यादीत क्रमांक, नाव, वय, आणि पुढे ‘भात’ किंवा ‘कापूस’. न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्राचा बातमीदार गिऱ्हाईक बनून तिथे हिंडला. एक मालकीण, दुसरा बनावट खरेदीदार. केंबल गुलामगिरीच्या विरोधात होती तरी पाहते मालकाच्या घरातूनच. म्हणून वहीत उजवीकडे ‘कशावरून?’ हा रकाना आखून घ्या. साधनातलं वाक्य निळ्या शाईने, कल्पनेतलं काळ्या. सगळं काळं आलं तर ती कथा झाली, सगळं निळं आलं तर उतारा. गुण रकान्याला द्या, भाषेला नकोत.

चार तासिका पुरतात: एक साधनांना, एक कार्डाला, दोन लेखनाला. पानं चार, प्रत्येकी सव्वाशे शब्द. लिलावाचं नाट्यीकरण अजिबात नको. वर्गातलं कोणीतरी ‘विकलं’ जातं आणि बाकीचे हसतात. मालकाची ‘मी’ म्हणून रोजनिशीही नको, मुलं त्याची वकिली करू लागतात. ‘अमेरिकेचं आपल्याला काय?’ असं कोणी म्हटलंच, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली ते वाचून दाखवा: गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

शेवटच्या पानावर पलायन नको. तिथून गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतलं फिलाडेल्फिया हजार किलोमीटरहून लांब, आणि बटलर स्वतः राहायचा फिलाडेल्फियातच. त्याऐवजी जाहिरात लिहून घ्या. युद्धानंतर मुक्त झालेली माणसं ताटातूट झालेल्या आईबापांचा, भावंडांचा शोध घेण्यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती देत. चार ओळी: भावाचं नाव, तेव्हाचं वय, शेवटचं कुठे पाहिलं, कोणी विकत नेलं. माहीत नसेल ती ओळ कोरी सोडायची.