चार इंची भिंग: कळंक परत का येत होता

जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या चार इंची भिंगाच्या गळपट्टीवर, म्हणजे दांडा आणि काचेभोवतीचं कडं जोडणाऱ्या पितळी पट्टीवर, कळंक चौथ्यांदा आला आणि या वेळी कारणही सापडलं!

मागच्या वेळी मी लिहिलं होतं, की हिरवं सगळं काढलंय, वर मेणाचा हात दिलाय, आता काचेकडे वळते. पंधरा दिवसांत गळपट्टी पुन्हा हिरवी. कडं त्याच पितळेचं, तरी ते स्वच्छ. दांड्याला चिकटून असलेली ती बोटभर पट्टी तेवढी कळकते, हे मला झोपू देईना.

आधी संशय चिंचेवर गेला. जुन्या बाजारात विकणाऱ्याने चकाकी यावी म्हणून चिंच-मीठ चोळलेलं होतं आणि फटीत आंबट राहिलं असणार असं वाटलं. (संग्रहाच्या पितळेला चिंच लावूच नये, हे माझं मत आता आणखी पक्कं झालंय. जुना रंग गेला की गेला.) खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, मग डिस्टिल्ड वॉटरने. फरक शून्य. मग पावसाळी हवेला दोष दिला आणि भिंग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. तिथे तर आठ दिवसांतच हिरवं आलं, आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या पितळी फूटपट्टीवरही ठिपके पडले.

झाकण उघडताच कापराचा वास आला. डबा नवा कोरा, त्यात कापूर कधीच नव्हता. दांडा ओल्या फडक्याने जोरात चोळून नाकाशी धरला. देवघरातला वास!

म्हणजे विकणारा ज्याला हाड म्हणाला आणि मागचा लेख वाचून तुमच्यापैकी दोघांनी हस्तिदंत म्हटलं, तो दांडा सेल्युलॉइडचा, एका जुन्या प्लास्टिकचा, आहे. कापूर आणि नायट्रोसेल्युलोज मिळून सेल्युलॉइड होतं. ते म्हातारं झालं की नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, हवेतल्या ओलाव्याशी त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं आणि ते आधी पितळ खातं. मी डबा बंद करून ती वाफ आतच कोंडली होती. खात्रीसाठी दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत निळ्या लिटमसची (आम्ल लागलं की लाल होणाऱ्या कागदाची) ओली पट्टी टांगली, एकीत दांडा ठेवला. सकाळी रिकाम्या बरणीतली पट्टी निळीच, दांड्याजवळची लालसर.

दांडा सोडवण्यासाठी ड्रायरची गरम हवा द्या, असा सल्ला मला मिळाला होता आणि मी तो मानणारही होते. सेल्युलॉइड भडकन पेटतं. दांडा कशाचा आहे हे ठाऊक नसताना त्याला ऊब देऊ नका, आणि वस्तू कशाची हे ओळखायला तापलेली सुई टोचून बघायची ती चाचणी तर कायमची विसरा. मी फटीत शिवणयंत्राचं तेल सोडलं, दोन दिवस थांबले, रबरी हातमोजे घालून पिळलं. कट्ट आवाज झाला, आटे सुटले, गळपट्टी हातात आली. तो आवाज अजून कानात आहे.

दांड्याचं टोक आता उघडं दिसतं. लांबीला सरळ समांतर रेघा आहेत, पण टोकावर हस्तिदंताची एकमेकींना छेदणारी जाळी नाही, हाडातले काळे ठिपकेही नाहीत. मला हायसं वाटलं. हस्तिदंत निघाला असता तर 1972च्या वन्यजीव कायद्याचा प्रश्न उभा राहिला असता.

काचेचं थोडक्यात सांगते: भिंतीवर खिडकीची प्रतिमा पाडून नाभीय अंतर मोजलं, साधारण 25 सेंमी. म्हणजे भिंगाची शक्ती 4 डायॉप्टर, वस्तू जेमतेम दुप्पट दिसणार. चार इंची काचेकडून याहून जास्त मागू नये. कडेचा टवका कड्याखाली झाकला जातो, त्याला मी हात लावणार नाही.

पुढचा बेत असा: गळपट्टीला मेण लावून कड्यासोबत ठेवायची, आणि दांड्यावर लाखेचा पातळ थर द्यायचा. नाही, थांबा. लिहिता लिहिताच पटतंय की थर देऊन आतलं विघटन थांबणार नाही. दांडा आट्यांचाच आहे, तर तो वेगळाच राहू दे: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, थंड जागी, बाकी संग्रहापासून लांब. आणि वापरायला शिसवीचा नवा दांडा कातून घ्यायचा. जुन्याला धक्का नाही, भिंगही हातात राहील.

त्यासाठी आट्यांना गेज (आट्यांचं माप घेणारी पट्टी) लावून पाहिला. मेट्रिक बसत नाही. व्यास 3/16 इंच, इंचाला 24 आटे, म्हणजे चक्क व्हिटवर्थ, आट्यांचं जुनं इंग्रजी माप! भिंग इंग्लंडचं असावं ही माझी पहिल्या दिवसाची शंका आता बळावली. हार्डवेअरच्या दोन दुकानांत या मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मिळाला नाही, दोघांनीही मेट्रिक पुढे केला. जुन्या बाजारात जुन्या टॅपांचे ढीग असतात. रविवारी सकाळी लवकर जाते, गेज खिशात घेऊन.