शीन, हिंव आणि थिजलेलं तूप

टंगमर्गला गाडी थांबली. "आगे फिसलन है," म्हणत ड्रायव्हरभाई खाली उतरले, डिकीतून लोखंडी साखळ्या काढल्या आणि चाकांना चढवायला लागले. गुलमर्ग तिथून तेराएक किलोमीटर, सगळा चढाचा रस्ता. दोन्ही कडांना गुडघाभर बर्फ साचलेला.

आई वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा डोंगरातला बर्फ जवळून बघत होती. मला वाटलं, आधी फोटो काढायला सांगेल. ती दार उघडून उतरली, उजव्या हाताचा मोजा काढला, कडेच्या ढिगातून चिमूटभर बर्फ उचलला आणि अंगठ्याने तर्जनीवर घोळवून बघितला. तूप कढवून निवल्यावर कणी पडली का ते बघायला ती घरी असंच करते. मग म्हणाली, "रवाळ लागतंय गं. थिजलेल्या तुपागत."

त्या वाक्याने माझी पुढची सगळी सहल बदलली. मी संस्कृत घेऊन एम. ए. केलेलं आहे आणि पाणिनीच्या एका सूत्राचं उदाहरण पाठ करून पेपरात लिहिलेलंही आहे. आईच्या बोटांनी ते अर्ध्या मिनिटात मला समजावून दिलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी श्रीनगर.

आम्ही पोचलो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे चिल्लइ कलानच्या ऐन मध्यात. काश्मीरचा हिवाळा मापून वाटलेला असतो. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लइ कलान, त्यानंतर वीस दिवस चिल्लइ खुर्द, शेवटचे दहा दिवस चिल्लइ बच्चा. थोरला, धाकटा आणि पोर. 'चिल्ला' फारसीतल्या चाळिसावरून आलाय, आपल्या 'चाळीस'चा तो लांबचा भाऊच. या चाळीस दिवसांत रात्री नळातलं पाणी गोठतं. आम्ही झेलमच्या काठी ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या आजी रोज सकाळी उकळत्या पाण्याची किटली घेऊन अंगणातल्या नळाला अक्षरशः अंघोळ घालायच्या, तेव्हा कुठे तो बोलायला लागायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती आवाज नसल्यामुळे. खिडकीखालून जाणाऱ्या रिक्षा, कुत्री, नळावरची भांडी, काहीच नाही. मधूनच समोरच्या पत्र्याच्या छपरावरून काहीतरी घसरून धप्प आपटलं. पडदा सारला तर सगळं पांढरं. श्रीनगर शहरात त्या हिवाळ्यातला तो पहिला बर्फ होता. खालून आजींचा आवाज आला, "शीन छु प्यवान!" बर्फ पडतोय.

शीन. काश्मिरीत बर्फाला हा शब्द. 'बर्फ' त्यांनाही कळतो, आमच्याशी हिंदीत बोलताना ते तोच वापरत. आपापसात मात्र शीन. बर्फाचा माणूस म्हणजे शीन मोहन्युव. छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांना शिशरगांठ. हा शब्द ऐकल्याबरोबर आई म्हणाली, "शिशिराची गाठ. बरोबर आहे की!" तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चहाला खाली गेले तर आजींचा नातू, असेल दहा-अकरा वर्षांचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन आला. "आपके लिए." मी दोन्ही हातांनी घेतली. पुडी गार होती आणि ओली होत चालली होती. "नव शीन मुबारक!" तो ओरडला आणि घरभर हसू पसरलं. पहिला बर्फ असा गुंडाळून कुणाच्या हातात दिला आणि त्याने नकळत घेतला, की घेणारा हरला. हरणाऱ्याने मेजवानी द्यायची. मी संध्याकाळी सगळ्यांसाठी जिलबी आणून माझं देणं फेडलं.

पहिल्या बर्फाचा उत्सव या खोऱ्यात फार जुना आहे. नीलमत पुराण हा काश्मीरचा हजार वर्षांहून जुना ग्रंथ. त्यात पहिल्या हिमपाताच्या दिवशी हिमालयाची पूजा करावी, गाणी-वाद्यं वाजवावीत, नवी मदिरा प्यावी, असं सांगितलंय. मुबारक म्हणायला त्यांना खरं कारणही आहे. चिल्लइ कलानचा बर्फ डोंगरावर घट्ट बसतो आणि उन्हाळाभर ओढ्यांना, झऱ्यांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला भरभर वितळून जातो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची मैदानं कितीतरी दिवस तपकिरी, कोरडी पडून होती. त्या दिवसांबद्दल आजी बोलायला लागल्या, तेव्हा आमच्याकडे आषाढ कोरडा गेल्यावर घरातली मोठी माणसं ज्या आवाजात बोलतात तोच आवाज मला ऐकू आला.

आपल्याकडे काय आहे? आमचं गाव वाई. वर महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, दुसऱ्या दिवशी पेपरात 'हिमकण' म्हणून फोटो येतो. बाकी आपला बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी आणि गोळ्याच्या गाडीवरचा रंधा. आभाळातून पडते ती गार. गारपिटीची गार. लादी, गोळा, काश्मीरचा कापूस, सगळ्यांना आपण एका 'बर्फ' शब्दात बसवतो आणि तो शब्दही फारसीतून आलेला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, बर्फाला 'वफ्र' म्हटलंय. पुढे त्यातली अक्षरं जागा बदलून 'बर्फ' झाला. बर्फी त्याचीच लेक, पांढरी दिसते म्हणून.

आईच्या लहानपणी तर 'स्नो' हा वेगळाच पदार्थ होता. तिच्या आईच्या फणेरपेटीत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि अफगाण स्नो. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 1919 साली काढलेलं हे चेहऱ्याला लावायचं क्रीम. लग्नाला निघताना ही माझी आजी बोटाच्या टोकावर थोडंसं घेऊन दोन्ही गालांवर जिरवायची. 'स्नो-पावडर करून' बायका निघाल्या असं तेव्हा सर्रास म्हणत. आईला कितीतरी वर्षं वाटत होतं की इंग्रजीत स्नो म्हणजे क्रीमच.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण शब्दाच्या मुळाशी गेलं तर आई फारशी चुकलेली नव्हती. इंग्रजी स्नो, रशियन स्न्येग, लॅटिन निक्स, अवेस्तातला 'बर्फ पडणे' या अर्थाचा धातू, ही सगळी एका घरची भावंडं. भाषांचा इतिहास अभ्यासणारे बरेच जण संस्कृतातला 'स्निह्' हा धातूही याच घरातला मानतात. स्निह् म्हणजे ओलं, चिकट होणं, धरून राहणं. त्यातून स्निग्ध. त्यातून स्नेह, म्हणजे तेल-तूपही आणि मायाही. बर्फाची जी गोष्ट उत्तरेकडच्यांच्या डोळ्यांत भरली ती त्याची थंडी नसावी. आभाळातून सुटा सुटा उतरतो आणि जिथे टेकतो तिथे चिकटतो, ते असावं. माझ्या काळ्या फेरनच्या, म्हणजे काश्मिरी लांब झग्याच्या, बाहीवर तो येऊन बसायचा तेव्हा मला हे दिसायचं. एकेक कण सहा पाकळ्यांचा, रांगोळीच्या ठिपक्यांवरून काढल्यासारखा, आणि बाहीच्या लोकरीला धरून राहिलेला. आतून कांगडीची, म्हणजे झग्याखाली धरायच्या निखाऱ्यांच्या शेगडीची, ऊब पोचली की पाकळ्यांची टोकं आधी गोल व्हायची, मग थेंब.

याच सहा पाकळ्यांनी खगोलशास्त्रज्ञ केप्लरला अडवलं होतं. प्रागच्या पुलावरून जाताना त्याच्या कोटावर बर्फ पडला. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट काय द्यावी, या विचारात तो होता. लॅटिनमध्ये निक्स म्हणजे बर्फ आणि त्याच्या जर्मनमध्ये निक्स म्हणजे काहीच नाही. म्हणून 'काहीच नाही'ची भेट म्हणत त्याने 1611 मध्ये बर्फाच्या षट्कोनावर एक छोटा निबंध लिहून दिला. हाती आलं की संपणारी भेट. मला पुडी देणाऱ्या त्या पोराला मी हे सांगितलं. त्याने विचारलं, "फिर जिलेबी किसने खिलाई?"

आपल्या बाजूचा शब्द हिम. तो मराठीने कुठे ठेवलाय बघा. हिमकाल झिजून हिवाळा झाला, हिमाचं हिंव झालं. जिथे बर्फ पडतच नाही तिथे त्या शब्दाने करायचं तरी काय? तो माणसाच्या अंगात शिरला. हिंव भरतं, अंग थडथडतं, दोन गोधड्या टाकल्या तरी पुरत नाहीत. हिवताप. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी तापाने फणफणलेला माणूस ज्या शब्दाने थंडी सांगतो, तो हिमालयाच्या नावातलाच. ऋग्वेदात शंभर वर्षांच्या आयुष्याला 'शतं हिमाः' म्हटलंय, शंभर हिवाळे. पुढे 'वर्ष' आलं ते पावसावरून, आणि आम्ही अजून 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणतो. काश्मीरच्या आजींनी शीन मोजले असतील. आईने पावसाळे.

उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना बर्फासाठी पन्नास की शंभर शब्द आहेत, असं आपण शाळेपासून ऐकतो. 1911 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने इन्युइटांचे नोंदवले होते चारच: जमिनीवरचा बर्फ, पडता बर्फ, वाऱ्याने वाहत जाणारा आणि ढीग लागलेला. पुढे सांगणाऱ्याने सांगताना आकडा फुगत गेला. त्यांच्या भाषेत मूळ शब्दाला प्रत्यय जोडत कितीही नवे शब्द बनवता येतात, त्यामुळे मोजदादीला फारसा अर्थही नाही. मला तरी 'किती शब्द' यापेक्षा 'कोणता शब्द कुठून आला' हे जास्त मोलाचं वाटतं.

तर आता ते सूत्र. गुलमर्गहून परतलो त्या रात्री सगळे हमामात बसलो होतो. हमाम म्हणजे घरातली ती खोली, जिच्या दगडी फरशीखाली लाकडं जळत असतात. फरशी गरम, पाठीला लोड, हातात नून चाय, फिकट गुलाबी आणि खारट. त्यात गिरदा, म्हणजे तिथली गोल रोटी, बुडवून खायचा. आईच्या बोटांकडे बघता बघता मला एकदम आठवलं: 'द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः.' अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायातलं सूत्र. 'श्या' हा धातू दोन अर्थांनी आपलं रूप बदलतो. स्पर्श सांगायचा असेल तर त्याचं 'शीत' होतं: शीतो वायुः. पातळ पदार्थ घट्ट होणं सांगायचं असेल तर 'शीन'. आणि त्याचं परंपरेने चालत आलेलं उदाहरण आहे, शीनं घृतम्. थिजलेलं तूप.

मी कप खाली ठेवला. वर्गात हे उदाहरण शिकताना घृत माहीत होतं, शीन हे नुसतं पाठ करायचं रूप होतं. वाजसनेयी संहितेत 'शीन' बर्फालाही म्हटलंय, हेही कोशात वाचलेलं. काश्मिरीतला शीन त्याचाच. इथल्या आजी पहाटे खिडकीतून ओरडून सांगतात तो शब्द आणि पाणिनीच्या परंपरेतला तुपाचा शब्द एकच. पाणिनी शलातुरचा, म्हणजे सिंधूच्या पलीकडच्या वायव्येचा. त्या बाजूच्या थंडीत तुपाचं भांडं रात्रीतून दगडासारखं होत असणार, आणि लांब डोंगरावर तसाच पांढरा थर दिसत असणार. बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटलं. त्यानंतर अडीच हजार वर्षांनी वाईची एक बाई टंगमर्गच्या रस्त्यावर उतरली, बर्फ बोटांत घोळवला आणि तेच म्हणाली. तिने पाणिनी वाचलेला नाही. तूप मात्र पन्नास वर्षं कढवलंय.

मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा माझा आवाज भरून आला होता. ती म्हणाली, "अगं, हाताला कळतंय ना." आणि आजींना आपल्या मोडक्या हिंदीत समजावायला लागली की तूप आणि शीन सगी बहीण आहेत. आजी मान डोलवत म्हणाल्या की त्यांच्याकडेही थंडीत तूप चमच्याने निघत नाही, सुरी लागते.

एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. गुलमर्गला आईने फराळाचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात बर्फ दाबून भरला होता. परतीच्या गाडीतल्या हीटरमध्ये त्याचं पाणी झालं. ताजा भुसभुशीत बर्फ दहा बोटं असेल तर पाणी जेमतेम एक बोट निघतं. हिचा दाबलेला होता, तरी तळाशी इतकं कमी पाणी बघून ती हिरमुसली. पाणी तिने खिडकीतल्या कुंडीत ओतलं. पण रात्री पुन्हा बाहेर जाऊन अंगणातल्या ढिगातून डबा भरला, झाकण लावलं आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवला.

सकाळी नातू शाळेला सुट्टी म्हणून फेरनमध्ये कांगडी घेऊन लोळत होता. आईने डबा त्याच्यापुढे धरला. "लड्डू. घर के." त्याने दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडलं.

"नव शीन मुबारक," आई म्हणाली. उच्चार बरोबर होता.

तो उठून बसला आणि वाद घालायला लागला. हे धरायचं नाही, नव शीन म्हणजे पहिला बर्फ, पहिला तर परवाच पडून गेला. आई म्हणाली, "मेरा तो पहलाच है ना रे." दोघंही आजींकडे बघायला लागले. आजींनी डब्यातला बर्फ चिमटीत घेतला, आईसारखा घोळवून बघितला, आणि नातवाला काँदुराच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानातून सहा गिरदे आणायला पिटाळलं. स्वतःच्या पैशांनी.