आमची वाटचाल : मायक्रोस्कोप दुरुस्ती ते पेशींची मोजणी

आमचा मूळ धंदा मायक्रोस्कोप दुरुस्तीचा, बाबांनी सुरू केलेला. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या लॅब हे गिऱ्हाईक. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली की फोन यायचा. त्या ओळखीवरच पुढचं सगळं उभं राहिलं.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) पेशींची अख्खी काचपट्टी, म्हणजे स्लाइड, स्कॅन करून त्यावरून निदान करायला पहिल्यांदा मान्यता दिली. पुढे आम्हीही कर्ज काढून स्कॅनर घेतला. मोजणीचं सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळालं : बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालेलं क्यूपाथ.

आमचं मुख्य काम मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरचं. गाठ किती मिलिमीटर खोल गेली हे मोजायची पद्धत ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दिली आणि आजही तीच पहिली बघतात. १ मिलिमीटरपर्यंत पहिली पायरी, ४ च्या वर चौथी. पण खोली सारखी असूनही एक रुग्ण ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याचा आजार पसरतो. याचं थोडंफार उत्तर गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत आहे. त्या जितक्या जास्त, तितकी आशा बरी. डॉक्टर नजरेने ‘भरपूर’, ‘तुरळक’ किंवा ‘नाहीत’ असा शेरा देतात, आणि एकाच स्लाइडवर दोन डॉक्टरांचे शेरे वेगळे येऊ शकतात. कॉम्प्युटर एकेक केंद्रक ओळखून पेशींची वर्गवारी करतो आणि प्रमाण काढतो.

अर्थात स्लाइड धड असेल तर. सेक्शनला (गाठीच्या पातळ कापाला) घडी पडलेली, वरची काच चिकटवायच्या डीपीएक्समध्ये बुडबुडे, वर कुणीतरी मार्करने दिलेले ठिपके. आमचे जुने टेक्निशियन म्हणतात, ‘भाऊ, पहिले काच पुसा, मग मशीनचं नाव काढा.’ त्यातून मेलानोमाची खास डोकेदुखी म्हणजे मेलानिन, त्वचेला रंग देणारं द्रव्य. तपकिरी रंगाने गच्च भरलेली पेशी सॉफ्टवेअरला भलतीच काहीतरी वाटते. अशा वेळी लॅबकडून नवा सेक्शन मागवतो. तो पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडने मेलानिनचा रंग उडवून मग रंगवलेला असतो.

एका गिऱ्हाइकाला आमच्या रिपोर्टवर ‘रुग्ण किती वर्षं जगेल’ असा आकडा हवा होता. आम्ही नकार दिला, काम गेलं. पेशींवरून रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगणारे अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांवरचे आहेत, आणि तिथे या आजारामागे उन्हाचा मोठा हात असतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायाला होतो. कुरूप समजून माणूस ब्लेडने खरवडत बसतो, आणि येतो तेव्हा गाठ खोल गेलेली असते. त्याची जनुकीय घडणही वेगळी. तिथलं गणित इथे जसंच्या तसं लावणं मला पटत नाही.

म्हणून आता एथिक्स कमिटीची परवानगी घेतलेल्या डॉक्टरांसोबत जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठींचे तुकडे) काढून, त्यांच्या स्लाइड स्कॅन करतो आहोत. आमच्याकडे फक्त नंबर येतात, नावं नाहीत. मोजणी झरझर होते. अडतं ते पुढे, कारण रुग्णाचं नंतर काय झालं हे कळल्याशिवाय त्या मोजणीला अर्थ नाही. नागपुरात उपचार घेऊन गेलेला माणूस गडचिरोलीचा असतो, बालाघाटचा असतो, आणि फाइलवरचा मोबाइल कधीच बंद पडलेला असतो. डॉक्टर त्यासाठी एक माणूस शोधत आहेत. हिंदी आणि छत्तीसगढी हवीच, गोंडी येत असेल तर फारच उत्तम. पगारातला अर्धा वाटा आम्ही उचलणार आहोत.