एक रुपयाची सायकल आणि न लागणारं कुलूप

औंधला लग्न होतं म्हणून साताऱ्याहून दोन दिवस पुण्यात आलो होतो. लग्न झालं, जेवलो, मठ्ठा बरा होता, बास. लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सायकलबद्दल.

गोष्ट २०१८ची. आदल्या डिसेंबरातच विद्यापीठात आणि औंधात ह्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या होत्या, मग बघता बघता हिरव्या, पिवळ्या, नारिंगी अशा कंपन्याकंपन्यांच्या सायकली फुटपाथवर. मोबाईलवर कोड स्कॅन करायचा, कुलूप खटकन उघडायचं, तेव्हा अर्ध्या तासाला १ रुपया. पुण्यात १ रुपयात रिक्षावाला 'नाही' पण म्हणत नाही हो.

विद्यापीठात लय भारी वाटलं. वडांची सावली, मोकळे रस्ते, सीट बुटकी असल्यामुळे गुडघे हनुवटीला लागत होते पण ठीके. गेटबाहेर आलो आणि माज उतरला. तेव्हा चौकात तो जुना उड्डाणपूल होता (२०२०त पाडला), त्याच्याखालून जाताना मागच्या बसने असा हॉर्न दिला की मी सायकल चक्क हातात धरून चाललो. पुढे औंधच्या डीपी रोडला फुटपाथ रुंद केलेत, सायकलला वेगळी जागा, छानच, फक्त तिच्यावर दोन अ‍ॅक्टिव्हा आणि एक भेळेची गाडी. आणि जवळच्या चौकाचं नाव ब्रेमेन! त्या जर्मन गावात लोक कामाधंद्याला सर्रास सायकलवर जातात, आपण चौकाला नाव देऊन मोकळे.

खरी गंमत आत्याच्या सोसायटीपाशी. कुलूप लागेना. खटका खाली ओढला की परत वर, आणि कुलूप लागल्याशिवाय राइड संपत नाही, म्हणजे मीटर चालूच. कंपनीचं नाव घेत नाही, फोन केला तर नुसतं म्युझिक. आमच्या लहानपणी साताऱ्यात तासावर सायकल मिळायची, दुकानदार वहीत नाव लिहायचा, उशीर झाला की सगळ्या गल्लीसमोर शिव्या घालायचा, पण सायकल परत घ्यायला तिथं बसलेला तरी असायचा. इथं मी कुणाला परत देऊ?

"ओ दादा, हितं नाही लावायची," वॉचमनकाका आले. म्हटलं काका, मलाच सोडायचीय, तीच सोडत नाहीये. आत पार्किंगमधे त्याच कंपनीची एक सायकल कुणीतरी स्वतःची साखळी घालून ठेवलेली, ती दाखवून म्हणाले, "त्यांनी घरचीच केलीय." अशानं धंदा कसा चालायचा! आता मेट्रो आलीय, स्टेशनवर उतरून पुढचा दीड किलोमीटर कसा जायचा हा प्रश्न आहेच, तेव्हा प्रत्येक वेळी मला ती साखळी आठवते.

तर काकांनी खटका निरखून बघितला, "गंजलंय वो," म्हणाले आणि केबिनमधून डोक्याला लावायची खोबरेल तेलाची बाटली आणली. चार थेंब, दोन चपलेचे फटके, खट्ट! मोबाईलवर लगेच आलं, राइड संपली, पावणेदोन तास.

"किती झाले?" काकांनी विचारलं.

"४ रुपये."

"तेलच जास्तीचं गेलं की मग."