बिल रसेलच का? तुम्ही विचारलंत म्हणून

बास्केटबॉलविषयी चार लोकांत बोलणे निघाले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून सगळे मायकल जॉर्डनचे नाव घेतात, तुम्ही बिल रसेलचे का घेता? त्याची सरासरी तर सामन्यामागे पंधरा गुणांचीच होती ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर उत्तर देतो.

सरासरी खरी आहे. नेमकी सांगायची तर 15.1. मात्र याच रसेलने एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये बॉस्टन सेल्टिक्स संघाकडून 1956 ते 1969 या काळात 13 हंगाम खेळून 11 विजेतेपदे मिळवली आणि त्यांतली आठ, 1959 ते 1966, सलग होती. सात सामन्यांची मालिका शेवटच्या सामन्यापर्यंत गेली, असे त्याच्या कारकिर्दीत दहा वेळा घडले आणि दहाही वेळा सेल्टिक्स जिंकले. एखाद्या खेळाडूला एवढे यश केवळ चांगल्या संघात असल्यामुळे मिळाले, असे म्हणणे मला पटत नाही. रसेल येण्यापूर्वी बॉस्टनकडे बॉब कूझीसारखा अव्वल खेळाडू होता, रेड आउअरबाखसारखा प्रशिक्षक होता, तरीही त्यांच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. एड मॅकॉली हा नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगन हा होतकरू खेळाडू असे दोघे सेंट लुइसला देऊन आउअरबाखने रसेलला निवडण्याचा त्यांचा हक्क (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या ड्राफ्टमधला) आपल्याकडे वळवला आणि पहिल्याच हंगामात, 1957 मध्ये, बॉस्टन विजेते ठरले. अंतिम सामन्यात त्यांनी सेंट लुइसलाच दोन जादा डावांनंतर 125-123 असे हरवले होते.

रसेल जे करत होता ते समजायचे तर त्या काळातला बचाव कसा होता ते पाहावे लागते. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवर ठेवावेत, उगाच उडी मारू नये, अशी तेव्हाची शिकवण होती. सहा फूट दहा इंच उंचीचा आणि उंच उडीत जागतिक दर्जाचा असलेला रसेल ती शिकवण मोडून हवेत झेपावत असे आणि बास्केटकडे निघालेला चेंडू अडवत असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अडवलेला चेंडू तो प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. तसे केले तर चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो, हे त्याने नीट ओळखले होते. म्हणून चेंडूला हलकासा स्पर्श करून तो त्याला मैदानातच, शक्यतो आपल्या सहकाऱ्याच्या दिशेने वळवत असे आणि त्याच क्षणी सेल्टिक्सचे आक्रमण सुरू होत असे. बचाव आणि आक्रमण या दोन गोष्टी त्याने एकाच हालचालीत जोडल्या. मला त्याच्या खेळातले सर्वांत मोठे बुद्धीचे काम हेच वाटते.

दुर्दैवाने ब्लॉक, म्हणजे असे अडवलेले फटके, मोजण्याची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे त्याच्या मुख्य कर्तबगारीचा आकडाच उपलब्ध नाही. पण आकडा असता तरी तो अपुराच पडला असता. कबड्डी पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको : तरबेज कोपरारक्षक उभा असला की चढाई करणारा त्या बाजूला पाय टाकताना कचरतो आणि त्याचे ते कचरणे कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले जात नाही. रसेल आसपास आहे या धास्तीनेच प्रतिस्पर्धी घाईने किंवा भलत्या कोनातून चेंडू टाकत असत. चुकलेला चेंडू रिबाउंड होऊन, म्हणजे बास्केटवर आपटून परत उसळून, बहुधा त्याच्याच हातात येत असे, सामन्यामागे 22.5 रिबाउंड ही त्याची कारकिर्दीची सरासरी आहे.

तुमच्यापैकी काहीजण यावर रसेलचा समकालीन प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेनचे नाव पुढे करतात आणि तो आक्षेप वजनदार आहे. 1961-62 च्या हंगामात चेंबरलेनने सामन्यामागे 50.4 गुणांची सरासरी राखली, एका सामन्यात तर 100 गुण केले. तरीही त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून रसेलची निवड झाली, आणि ती निवड तेव्हा लीगमधले खेळाडूच मतदानाने करत असत. ज्यांना या दोघांविरुद्ध प्रत्यक्ष खेळावे लागत होते त्यांचे मत मी फार मोलाचे मानतो. त्याच वर्षी लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या सातव्या, निर्णायक सामन्यात रसेलने 30 गुण आणि 40 रिबाउंड मिळवले आणि जादा डावात बॉस्टन 110-107 असे जिंकले. गुण करता येत नव्हते म्हणून तो बचावाकडे वळला, असे समजणाऱ्यांनी हा सामना आठवावा.

हे सगळे तो कोणत्या परिस्थितीत करत होता, हेही उत्तराचाच भाग आहे. लुइझियानातील मन्रो येथे 1934 साली जन्मलेला हा मुलगा वर्णभेदाचे चटके सोसत वाढला, कुटुंबासह कॅलिफोर्नियातील ओकलंडला आला आणि बारा वर्षांचा असताना त्याची आई गेली. शाळेच्या संघातून तो जवळजवळ वगळलाच गेला होता; जॉर्ज पाऊल्स या प्रशिक्षकाने त्याला ठेवून घेतले. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदे आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून तो बॉस्टनला आला, आणि ज्या शहराला त्याने विजेतेपदांची सवय लावली त्याच शहराच्या उपनगरात, रेडिंगमध्ये, त्याच्या घरात घुसून लोकांनी भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या आणि त्याचे चषक फोडले. 1961 मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे हॉटेलात कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खाद्यपदार्थ देण्यास नकार मिळाला, तेव्हा तो आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळताच परतले. आज असा निर्णय धाडसाचा वाटेल, तेव्हा तो पोटावर पाय आणणारा ठरू शकत होता.

1966 मध्ये आउअरबाखनंतर रसेल सेल्टिक्सचा प्रशिक्षक झाला. एनबीएमधील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिल्या वर्षी चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने त्यांना हरवले. पण खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्याने 1968 आणि 1969 ची विजेतेपदे जिंकली. 1969 चे मला विशेष वाटते. पस्तिशीचा रसेल, पूर्व विभागात चौथ्या क्रमांकावर राहिलेला थकलेला संघ, आणि समोर जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि आता त्यांच्याकडे आलेला चेंबरलेन असलेले लेकर्स. सातव्या सामन्यापूर्वी लेकर्सच्या मालकाने विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते. बॉस्टनने तो सामना 108-106 असा जिंकला आणि त्यानंतर रसेल पुन्हा खेळला नाही. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो हरलेल्या संघाच्या वेस्टला मिळाला. 2009 पासून त्या पुरस्काराला रसेलचे नाव आहे, जो त्याला स्वतःला कधीच मिळाला नाही.

सन्मानांच्या बाबतीतही त्याने स्वतःचीच कसोटी लावली. 1972 मध्ये त्याची 6 क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्याचा (म्हणजे तो क्रमांक संघात पुन्हा कुणालाही न देण्याचा) समारंभ त्याच्या आग्रहामुळे प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, मोजक्या सहकाऱ्यांसमोर झाला. 1975 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मान-यादीत, निवड झाली तेव्हा तो गेला नाही, कारण आपल्या आधी तो मान मिळायला हवा असे कृष्णवर्णीय खेळाडू आहेत, असे त्याचे मत होते. एनबीएने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर याचा समावेश 2019 मध्ये झाला, त्यानंतरच त्याने हॉल ऑफ फेमची आपली अंगठी स्वीकारली. 2022 मध्ये तो गेल्यावर लीगने 6 हा क्रमांक सर्वच संघांतून निवृत्त केला.

राहिला तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न : तो आजच्या खेळात टिकला असता का? आज उंच खेळाडूला बास्केटखाली नुसते उभे राहून भागत नाही, त्याला दूरवर येऊन चपळ गार्डला (चेंडू पुढे नेणाऱ्या, तुलनेने बुटक्या खेळाडूला) रोखावे लागते आणि लगेच वळून पुन्हा बास्केट राखावे लागते. 1957 च्या त्या अंतिम सामन्यात सेंट लुइसचा जॅक कोलमन मोकळा सुटलेला असताना रसेलने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत येऊन त्याला अडवले होते. आजचे संघ सेंटरकडून, म्हणजे बास्केट राखणाऱ्या उंच खेळाडूकडून, जे मागतात ते त्याने तेव्हाच करून दाखवले होते. म्हणून माझे उत्तर ठामपणे "होय" असेच आहे.