दादा, सोडू काय नको?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यातून सुटून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलो की आठवड्यातून एखादा तरी गाडी बाजूला घेतो. "दादा, एकाच नोकरीत सहा वर्षं झाली, पुढं काय दिसत नाही. सोडू काय नको?" मी लगेच हो-नाही म्हणत नाही. आधी विचारतो, थांबलंय काय? पगार की शिकणं?

पगार थांबलाय, पण हातात नवं ड्रॉइंग, नवी मशीन येतेय, तर वर्षभर कळ काढा. शिकणंच थांबलंय तर पगार बरा असला तरी हला. तो पगार त्या एका कारखान्यापुरता असतो. दुसऱ्या दारात गेल्यावर वर्षं कोणी मोजत नाही, काय येतं ते विचारतात.

मला हे कळायला नऊ वर्षं लागली. मी सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आतले सरकते दांडे, काढायचो. एका रात्रपाळीत टूल बदलताना स्क्रीनवर प्रोग्राम वर सरकवला. दुसऱ्या ओळीत, कंसात, मीच टाकलेली तारीख. सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतर मी काय केलं होतं? इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला की ऑफसेटमध्ये (टूलच्या जागेच्या आकड्यात) पाच-दहा मायक्रॉन द्यायचे, मायक्रोमीटर लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं. मी काढलेला जॉब (भाग) सहसा रिजेक्ट होत नसे, याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण त्या रात्री पोटात खड्डा पडला.

मालकांना भेटलो. तपासणीत सीएमएमवर, म्हणजे जॉबची मापं तपासायच्या मशीनवर, शिकू द्या म्हटलं. माणूस मनानं चांगला. म्हणाले, "तू हाललास तर त्या मशीनवर कोण उभा राहणार?" भरवशाचा माणूस जागेला चिकटतो तो असा. मग मीच ठरवलं, आपल्या जागी माणूस तयार करायचा. बैलहोंगलकडचा एक हेल्पर होता, चुणचुणीत. त्याला शिकवायला घेतलं आणि माझी कन्नड उघडी पडली. शाळेत विषय होता, पण पास होण्यापुरता. ऑफसेट कसा द्यायचा हे हातानं दाखवता येतं, का द्यायचा हे भाषेतच सांगावं लागतं.

इथं थोडं थांबून बोलतो, कारण आपल्या भागात हे कोणी उघड सांगत नाही. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेल्यापासून आपल्या घरांनी काय सोसलंय ते मी जाणतो. मराठीवरची माया तसूभर कमी करा असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही. माझी मुलं मराठी शाळेतच आहेत. पण आपली किती हुशार पोरं ऑपरेटर म्हणून लागतात आणि ऑपरेटर म्हणूनच राहतात! सुपरवायझर व्हायचं तर गोकाक-सौंदत्तीच्या कामगारांशी त्यांच्या बोलीत बोलावं लागतं, कामगार खात्याचं कन्नड पत्र वाचून उत्तर द्यावं लागतं. तिथं आपण मागं सरतो आणि म्हणतो, कंपनीत वाढ नाही. चार महिन्यांत त्या पोराला लेथ आली आणि मला कन्नड. देणंघेणं फिटलं.

तरीही मालकांचं उत्तर बदललं नाही. मग मात्र मी थांबलो नाही. मच्छेला एका लहान कारखान्यात सीएमएमवर जागा मिळाली, पगार दीड हजारानं कमी. घरी ओढाताण झाली. बायकोनं सहा महिने भिशी बंद ठेवली, एका शब्दानं बोलली नाही. पहिल्या दिवशी माप घेणारा प्रोब हातात घेतला. टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान, लाल माणकाचा मणी. काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर तो जॉबला हलकेच टेकला, टिक वाजलं आणि आकडा आला. मी वही काढून टिपून घेतलं. कितीतरी वर्षांनी.

पुण्याचंही विचारता. चाकणला पगार जास्त, खरं आहे. पण खोलीभाडं, खानावळ आणि भातलावणीला, रताळी काढायला गावी यायचं बसभाडं वजा करून बघा. त्याआधी कागल आणि गोकुळ शिरगाव बघा, सुट्टीला घरी येता येतं. मी गेलो नाही, आई एकटी होती. तुमचं तसं नसेल तर जरूर जा.

आणि काही शिकायचं असेल तर उद्यमबागेतच जीटीटीसी हे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. राजीनाम्याआधी तिथं चौकशी करा, राजीनाम्यानंतर नको. नोकरी हातात असताना डोकं शांत राहतं.

राजीनाम्याची तारीख मात्र रागात ठरवू नका. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८ हजारांवर नऊ वर्षांचे साधारण ९३ हजार होतात. साडेचार वर्षं झालेला एकजण परवा भांडून उद्याच सोडतो म्हणाला, त्याला मी हात धरून बसवला. पीएफही काढून मोकळे होऊ नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा, जुनं खातं नव्यात वळतं करा. पेन्शनला एकूण १० वर्षं लागतात. माझी नऊ झाली होती, ती तशीच पुढं जोडली गेली.

रविवारी सकाळी मी घरीच असतो. येताना पगाराची स्लिप आणि नेमणुकीचं पत्र घेऊन या. नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते आधी बघू.