काकांना दर्या का लागत नाही

मराठीत ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, फोंडाघाटात गाडी लागते आणि दर्यावर बोट लागते. जर्मनीत ब्रेमेनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी हे इथल्या सहकाऱ्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांना फार नवल वाटलं. जर्मनमध्ये माणूस ‘झेक्रांक’ होतो, म्हणजे समुद्रामुळे आजारी पडतो. आपल्याकडे आजारी कोणी पडत नाही, बोटच येऊन लागते. मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण हा आजार नव्हेच. धडधाकट माणसाचं शरीर नेमून दिलेलं काम चोख करत असतं, म्हणूनच त्याला बोट लागते.

हे बोट लागणं हाच माझ्या कामाचा विषय आहे. आभासी जग दाखवणारा चष्मा डोळ्यांवर चढवला की अनेकांना पाच-दहा मिनिटांत मळमळू लागतं, आणि अवकाशात गेलेल्या बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस तसंच होतं. या दोन्हींच्या मुळाशी काय आहे, यावर आम्ही काम करतो. सुट्टीत मालवणला आले की सगळे विचारतात, “म्हणजे तू नेमकं करतेस काय?” दर वेळी काहीतरी थोडक्यात सांगून सुटका करून घेत होते. या वर्षी मेमध्ये घरी गेले आणि ठरवलं की सांगायचं तर धाकट्या काकांपासून सुरुवात करून सांगायचं.

काका सात वर्षांचे असताना त्यांना मोठा ताप आला. घरात अजूनही ‘ताप मस्तकात गेला’ असंच म्हणतात. मेंदूज्वर असावा, कागद कुठलाच नाही. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. त्यांच्या तोंडात राहिली ती सातव्या वर्षापर्यंतची मालवणी, तेवढे मोजके शब्द, बाकी सगळं हातांनी. पंधराव्या वर्षी ते आजोबांबरोबर होडीवर जाऊ लागले आणि घरच्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. दर्या कितीही खवळलेला असो, काकांना बोट लागत नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा होड्या लोटल्या की दोन महिने जमिनीवर काढलेले मुरलेले खलाशीसुद्धा पहिल्या दिवशी कडेला वाकतात. काका मात्र त्याच लाटांवर शांतपणे जाळं सोडवत बसलेले असायचे. आजोबा अभिमानाने सांगायचे, “तेका दर्यो लागणा नाय.” वाडीत सगळ्यांनाच वाटायचं की देवाने एक काढून घेतलं आणि दुसरं दिलं.

पण याला दुसरी बाजू होती, आणि तिच्याबद्दल अभिमानाने कोणी बोलायचं नाही. अंधार पडला की काका आमच्या दांडी किनाऱ्याच्या वाळूतून चालताना झोकांड्या खात. दिवसा सरळ चालणारा माणूस रात्री होडीकडून घरी येताना दोनदा-तीनदा बसकण मारायचा. बघणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता. काकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तरी त्यांचं जमत आलेलं एक लग्न ‘मुलगा पितो’ या एका वाक्याने मोडलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्याबद्दल काय बोललं जातंय हे कळतही नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ज्यांना कळत होतं त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

आता कानाकडे येऊ. ढोमा मासा साफ करताना तुम्ही पाहिलं असेल, डोकं फोडलं की आत दोन पांढरे खडे मिळतात. लहानपणी आई मासे घेऊन परसात बसली की आम्ही पोरं ते खडे मागून घ्यायचो, धुवायचो आणि बिस्किटाच्या डब्यात साठवायचो. घोळ माशाचे तर चांगले मोठे असतात. एक बाजू फुगीर, गुळगुळीत, दुसऱ्या बाजूवर खाच; ओला असताना शंखासारखा चमकतो. हे माशाच्या कानातले खडे. कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्याच्याच जातीचे. मासा कलला की खडा आतल्या बारीक केसांवर सरकतो आणि केस मेंदूला कळवतात की खाली कुठे आहे आणि वर कुठे.

आपल्या कानातही तेच आहे, फक्त एका खड्याऐवजी सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो, चिकट पापुद्र्यावर पेरल्यासारखा. शिवाय मान वळल्याचं सांगणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. ऐकण्याचं आणि तोलाचं यंत्र एकमेकांना चिकटून आहे. काकांचा ताप कानात उतरला तेव्हा त्याने बहुधा दोन्ही नेलं.

आणि बोट लागते ती या तोलाच्या यंत्रामुळेच. होडीत मान खाली घालून जाळ्याकडे बघत बसलं की डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, कान म्हणतो सगळं हलतंय. दोघांचं जमेना की मेंदूची पंचाईत होते आणि पोट ढवळू लागतं. आभासी चष्म्यात हेच उलट होतं. डोळ्यांना वाटतं आपण घाटातून गाडीने उतरतोय, कान म्हणतो खुर्चीवर बसलोय. अवकाशात तर कानातल्या खड्यांना वजनच उरत नाही, त्यामुळे खाली-वर सांगणारा साक्षीदारच गप्प होतो. १९६१ च्या ऑगस्टमध्ये गेर्मान तितोव हे पूर्ण दिवसभर अवकाशात राहिलेले पहिले अंतराळवीर, आणि अवकाशात बोट लागल्याची पहिली नोंदही त्यांचीच. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये साल्युत-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावर गेले, तेव्हा तिथे त्यांनी योगासनं केली. ती हौस म्हणून नव्हती. वजनरहित अवस्थेत शरीराला योगाचा उपयोग होतो का, हा रीतसर प्रयोग होता.

आजोबा आम्हा पोरांना होडीत सांगायचे, “पाण्यात बघू नको, डोंगरार नजर ठेव.” प्रयोगशाळेत आम्ही हाच सल्ला देतो. लांबच्या स्थिर रेषेवर नजर ठेवली की डोळेही कानाच्या बाजूने साक्ष देतात. आजोबांना यातलं कुठलंच शास्त्र कोणी शिकवलेलं नव्हतं.

ब्रेमेनमध्ये आल्यावर दुसऱ्या वर्षी एके दुपारी ग्रंथालयात मी जुने शोधनिबंध वाचत होते. १९५८ पासून पुढे सुमारे दशकभर अमेरिकेच्या नौदलाने फ्लोरिडात पेन्साकोला इथे अकरा बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग केले. ते सगळे गॅलोडेट या बहिऱ्यांसाठीच्या महाविद्यालयातून आलेले होते. अकरातल्या दहा जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती, आणि तिच्याबरोबर तोलाचं इंद्रियही. त्यांना गरगर फिरणाऱ्या खोलीत ठेवलं, वजनरहित अवस्था देणाऱ्या विमानातून नेलं, आणि एकदा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीने नेलं. बोटीवर हे लोक निवांत पत्ते खेळत बसले. संशोधकांनाच बोट इतकी लागली की प्रयोग थांबवावा लागला.

ते वाचून मी निबंध मिटून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पत्ते खेळणाऱ्या त्या माणसांच्या जागी मला जाळं सोडवणारे काका दिसत होते. पुढच्या पानांवर दुसरी बाजूही होती: या लोकांना अंधारात, डोळे मिटून किंवा मऊ जमिनीवर उभं राहणं फार कठीण जातं. कान गप्प, अंधारात डोळे बंद, मग तोल सांभाळायला उरतात फक्त पावलं. आणि पावलांखाली वाळू असेल तर त्यांचाही भरवसा नाही. तोल तपासताना आम्ही माणसाला जाड फोमच्या गादीवर डोळे मिटून उभं करतो. दांडीची रात्रीची वाळू म्हणजे तीच गादी. काका पंचेचाळीस वर्षं रोज रात्री तीच परीक्षा देत घरी आले होते.

त्या अकरांपैकी हॅरी लार्सन यांनी पुढे म्हटलं होतं की आम्ही वेगळे होतो, आणि त्यांना हवं होतं तसंच आमचं वेगळेपण होतं. हे वाक्य मी काकांसाठी जपून ठेवलं आहे.

इथल्या मनोऱ्याबद्दलही सांगते, कारण घरी सगळ्यांना त्याचाच फोटो हवा असतो. विद्यापीठाच्या आवारात १४६ मीटर उंच पांढरा मनोरा आहे, वीस मीटरचे सात माड एकावर एक ठेवले तर जेवढे होतील जवळजवळ तेवढा. आत ११० मीटरची नळी. तिच्यातली हवा पंपांनी उपसून काढतात, त्याला दीड-दोन तास लागतात, आणि मग वरून प्रयोगाची कुपी सोडतात. ४.७४ सेकंद ती निव्वळ पडते आणि खाली थर्मोकोलच्या मण्यांनी भरलेल्या आठ मीटर खोल टाकीत जाऊन रुतते. तेवढ्या वेळात आतल्या कशालाच वजन नसतं. २००४ पासून कुपी खालून वर उडवायचीही सोय झाली, त्यामुळे जाताना आणि येताना मिळून ९ सेकंदांवर वेळ मिळतो. बऱ्याच जणांना वाटतं की अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं. चारशे किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक पृथ्वीभोवती सतत पडतच असतं, म्हणून आतले तरंगतात. हवेचा अडथळा सोडला तर माडावरून सुटलेला नारळही जमिनीवर आदळेपर्यंत वजनरहितच असतो.

या मनोऱ्यात जर्मन संशोधकांनी मासे सोडले होते. चिलापीची पिल्लं, आपल्या तळ्यांत आणि धरणांत मिळते तीच चिलापी. ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. कुपी पडू लागली की काही पिल्लं नीट पोहत राहिली आणि काही स्वतःभोवती गरागरा फिरू लागली. नंतर कानातले खडे तपासले, तर गरगरणाऱ्यांच्या डाव्या आणि उजव्या खड्यांच्या वजनात फरक जास्त आढळला. जमिनीवर मेंदू हा फरक सांभाळून घेतो, वजन गेलं की हिशेब चुकतो. काही माणसांना बोट लागते आणि काहींना नाही, याचं एक कारण इथेही असू शकेल असा तर्क आहे. आमच्या बिस्किटाच्या डब्यातले खडे जोडीजोडीने लावून तोलावे असं मला तेव्हापासून वाटतं.

मेमध्ये घरी जाताना मी आभासी चष्मा बरोबर नेला होता. भाच्याने तो पहिला पळवला. डोंगरउतारावरून सुसाट धावणाऱ्या गाडीचं दृश्य होतं. दोन मिनिटांत तो “आत्या, काढ, काढ” म्हणत खळ्यात पळाला. मग काकांनी हात पुढे केला. मी त्यांना पडवीत आरामखुर्चीत बसवलं, उभं राहू दिलं नाही. ज्याचा सगळा तोल डोळ्यांवर आहे, त्याचे डोळेच फसवले तर तो उभा राहणार कसा? काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, वळण आलं की अंगाने वळले, उतार आला की मागे रेलले. वीस मिनिटं झाली. चष्मा काढला तेव्हा चेहरा हसरा, मळमळ औषधालाही नाही. कॅनडात १९९१ मध्ये असाच प्रयोग झाला होता आणि तोलाचं इंद्रिय गेलेल्यांपैकी एकालाही फिरत्या दृश्याने मळमळलं नव्हतं. पडवीतला आमचा खेळ म्हणजे प्रयोग नव्हे, तपासणीही नव्हे. रीतसर तपासणी कणकवलीला नाहीतर गोव्यात करू या, असं भावाशी बोलणं झालं आहे.

संध्याकाळी काकी ढोमा घेऊन परसात बसली होती. मी दोन खडे मागून घेतले, धुतले आणि काकांसमोर बसले. एक खडा त्यांच्या एका कानाजवळ धरला, दुसरा दुसऱ्या. मग हाताची होडी करून हलवली, पोट ढवळल्याची खूण केली. मग दोन्ही खडे काढून घेतले, होडी हलवली आणि हाताने ‘काही नाही’ म्हटलं. काका टक लावून बघत होते. मग मी डोळे मिटले, वाळूत पाय रुतवत चालल्यासारखी केली आणि तोल गेल्यासारखी त्यांच्या खांद्यावर कलले.

काका थोडा वेळ हलले नाहीत. मग त्यांनी अंगठा तोंडाला लावून पिण्याची खूण केली आणि माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. म्हणजे लोक काय म्हणतात ते त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. मी जोरजोरात मान हलवली, खडे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांच्या कानाला हात लावला. तेव्हा त्यांनी काकीला हाक मारली. त्यांच्या त्या सात वर्षांच्या मुलाच्या मालवणीत, मोठ्याने, “गे, ह्यां बघ!”

काकी विळी सोडून आली. मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी शब्दांत. तिने तळहातावरचे खडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “ह्यां तुझ्या आजोबांक कळाक होया होता.”

मी निघाले त्या आठवड्यात भावाने घरापासून होडीच्या शेडपर्यंतच्या वाटेवर चार सौरदिवे लावले. काल भाच्याने व्हिडिओ पाठवला. रात्रीची वेळ, काका होडीकडून येत आहेत, एका हातात बांगडा माशांची पिशवी, आणि चाल अगदी दिवसासारखी सरळ.